मार्टाताईचा सदरा

आमच्या आश्रमाच्या पुढच्या भिंतीवर दर साली नवा हत्ती निघायचा. परदेशातले पाहुणे यायचे, उन्हानं लालभडक झालेले, आणि आल्या आल्या त्यांना काहीतरी रंगवायची घाई व्हायची. पहिल्या तुकडीनं हत्ती काढला. पुढच्या तुकडीला तो जुना वाटला, म्हणून त्यांनी त्याच्यावर चुना फासून पोपट काढला. त्याच्या पुढच्यांनी पोपट पुसला आणि पुन्हा हत्तीच काढला, तोही पहिल्यापेक्षा रोडका. आम्ही पोरं ओळीनं बसून टाळ्या वाजवायचो. मागची भिंत मात्र कुणी कधी रंगवली नाही. चार थेंब पडले तरी पाणी तिथनंच आत यायचं, पण तिकडं फोटोला उजेड नव्हता. हे मी आज बोलते आहे, वयानं जीभ तिखट झाली म्हणून. तेव्हा मला हत्ती फार आवडायचा, खोटं कशाला बोलू?

आश्रम म्हसवडपासून थोडा लांब, उघड्या माळावर. पत्र्याच्या दोन लांब खोल्या, धुरानं काळं झालेलं स्वयंपाकघर आणि दारात टांगलेला रुळाचा तुकडा. तो बडवला की उठायचं, तो बडवला की जेवायचं, आणि वाऱ्यानं तो आपोआप वाजला की निम्मी पोरं ताटं घेऊन धावायची. सकाळी हुलग्याचं माडगं, गरम, पातळ, लसणाची फोडणी दिलेलं. दुपारी बाजरीची भाकरी आणि मटकीची आमटी. संध्याकाळी तीच आमटी, वाढीव पाणी घालून. पाहुणे आले की शिरा. त्यामुळं रस्त्यावर धुरळा उडाला की आमच्या तोंडाला आधी पाणी सुटायचं आणि मग हसू यायचं. पाहुण्यांना वाटायचं, पोरं किती आनंदी आहेत!

दारावरच्या पाटीवर मराठीत वसतिगृह लिहिलं होतं आणि इंग्रजीत अनाथाश्रम. गुरुजींना एकदा मी त्याचं कारण विचारलं. गुरुजी म्हणजे आश्रमाचे चालक, माणूस वाईट नव्हता, सदा घाईत असायचा. ते म्हणाले, "शेवंते, विंग्रजीत असंच म्हणत्यात." काही पोरांना खरंच कुणी नव्हतं. पण माझ्यासारख्या कितीतरी पोरांचे आईबाप चांगले धडधाकट होते, फक्त मेंढरांमागं गेलेले होते. आमच्यात वाडा म्हणजे मेंढरांचा तळ. दिवाळी झाली की घोड्यावर संसार लादायचा, वरती कोंबड्या बांधायच्या आणि मेंढरं हाकत मावळतीला निघायचं, घाट उतरून थेट कोकणात. पावसाच्या तोंडाला परत. मधल्या काळात माणूस कुठं आहे, कसं आहे, काही कळायचं नाही. बाजारात एकमेकांना भेटलं की पहिला सवाल ठरलेला, "वाडा कुठवर आला?" कुणीतरी कुणालातरी कुठल्यातरी घाटात बघितलेलं असायचं. तेवढ्यावर आम्ही महिना काढायचो.

त्या साली आई माझ्यासोबत बिरूलाही ठेवून गेली. बिरू माझा धाकटा भाऊ. नुकता चालायला, दोन शब्द बोलायला शिकलेला. एरवी एवढं पोर घोड्यावर टाकून न्यायचे, पण त्याला छातीचा दमा, आणि कोकणातली ओल त्याला सोसली नसती. घरी सांभाळायला आजी होती, ती आदल्या पावसाळ्यात वारली. मग राहिले कोण? मी. जाताना आईनं त्याचे गाल कुस्करले आणि मला बजावलं, "शेवंते, त्याला खाऊ घालतील लोकं. त्याची काळजी न्हाई मला. पर त्याला मला इसरू दिऊ नगंस." अकरा वर्षांच्या पोरीला हे काम! मी रोज संध्याकाळी त्याला कडेवर घेऊन आश्रमाच्या मागं जायची, मावळतीच्या डोंगराकडं बोट करायची आणि म्हणायची, "बिरू, आये कुठं हाय?" तोही बोट करायचा आणि ओरडायचा, "आये!" मला वाटायचं, काम झालं. पुढं केव्हातरी ध्यानात आलं की त्याला आये म्हणजे तो डोंगरच वाटत होता. ढग आले, डोंगर दिसेनासा झाला की "आये गेली" म्हणून भोकाड पसरायचा. आता हसू येतं. तेव्हा आईला काय सांगू, एवढंच मनात यायचं.

संक्रांतीनंतर मार्टाताई आली. बाकीचे पाहुणे घोळक्यानं यायचे, आधी महाबळेश्वर बघायचे, मग आम्हाला. ही एकटी आली आणि राहिली. देश बेल्जियम. वर्गातल्या नकाशावर आम्ही तो शोधला तर बोट ठेवल्यावर दिसेनासाच झाला. एवढ्याशा देशातून एवढी उंच बाई! केस कापलेले, पायात पुरुषी बूट, आणि अंगात कायम एक निळ्या चौकटींचा सदरा, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या. ती कसल्यातरी पाल्याचा साबण लावायची. तो वास त्या सदऱ्यात मुरला होता. आश्रमात रॉकेल, आमटी आणि पोरांचा वास, त्यात हा वास आला की मान आपोआप वळायची.

बिरूला खोकल्याची उबळ आली की ती त्याला मांडीवर घेऊन वाफ द्यायची, पाठ चोळायची, आणि तो शांत झाला तरी खाली ठेवायची नाही. हळूहळू तो तिच्या सदऱ्याच्या गळपट्टीत नाक खुपसूनच झोपायला लागला. माझ्या कडेवर येईना. माझ्या वेण्याही तीच घालायची. घालायला येत नव्हत्या, पार सैल, शाळेत पोचेपर्यंत सुटायच्या. मी तिला कधी सांगितलं नाही. उलट सुटल्या की दुपारी परत तिच्यापुढं जाऊन बसायची. मला ती हवी होती आणि बिरूनं तिच्याकडं जाऊ नये असंही वाटायचं. बरं, जाऊ नये तर रात्रभर खोकणाऱ्या पोराला घेऊन मी काय करणार होते? डोक्याचा नुसता भुगा व्हायचा.

एकदा तिनं मला विचारलं, "बिरूची आई?" गुरुजींनी मला चार इंग्रजी वाक्यं पाठ करून घेतली होती, म्हणून पाहुण्यांशी बोलायचं काम माझ्याकडं. पण त्या चार वाक्यांत आई, मेंढरं, कोकण असलं काही नव्हतं. दिवस मावळत होता. मी डोंगराकडं हनुवटी केली, वर लाल आभाळ, आणि म्हणाले, "गॉन." वडीलही? "गॉन." तिचे डोळे भरले. तिनं मला जवळ ओढलं, बिरूला ओढलं, आणि तिघं बराच वेळ तसेच बसलो. मला वाटलं, बघा, वाडा लांब गेल्याचं केवढं दुःख हिला! माणसाला माया असावी तर अशी. पुढं तिनं मला तिच्या घराचा फोटो दाखवला. झाडं, तळं, तळ्यात बदकं. विचारलं, "बिरूला इथं आवडेल?" मी म्हणाले, "यस." पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडं अंगात भिनलेली रीत. पाहुणा म्हणाला आज अमावस्या आहे, तर आपण चंद्र बघत बघत व्हय म्हणायचं. ती काय विचारते आहे हे मला कळलंही नव्हतं.

इथं थोडं आजचं सांगते. माझी लेक रसिका सांगलीत लहानाची मोठी झाली, मेंढरू तिनं बसच्या खिडकीतूनच बघितलं. आता दोन महिन्यांसाठी नेपाळात निघाली आहे, तिथल्या अनाथ पोरांना शिकवायला. बॅग भरून तयार आहे. मला म्हणते, "आई, तू तर अशाच ठिकाणी वाढलीस. मी जाते हे चांगलं की वाईट?" मी तिला म्हटलं, आधी चहा पी. मार्टाताईनं बिरूला जगवलं, त्या उन्हाळ्यात ती नसती तर त्याचं काय झालं असतं, विचार नको वाटतो. आणि तिच्यामुळंच पुढचं सगळं झालं. दोन्ही खरं. आता यातलं कुठलं सांगू पोरीला? म्हणून हे लिहायला बसले.

वाडा आला तो सकाळी. आधी कुत्री ऐकू आली, मग घंटा, मग मेंढरांचा तो एकसुरी गलका. मी माडग्याची वाटी तशीच टाकून धावले. आबा, म्हणजे माझे वडील, पुढं होते, खांद्यावर घोंगडं, उन्हानं कोळसा झालेले. "सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं!" म्हणून ते लांबूनच ओरडले. आई घोड्यामागून पळत आली, माझं तोंड दोन्ही हातांनी कुरवाळलं, कानशिलांवर बोटं मोडली, आणि म्हणाली, "माजा वाघ कुठं हाय?"

तिचा वाघ मार्टाताईच्या कडेवर होता. आईनं हात पसरले. बिरूनं तिच्याकडं बघितलं आणि असा किंचाळला, जसं कुणी त्याला विहिरीत टाकतंय. सदऱ्याच्या गळपट्टीत तोंड खुपसून तो थरथरायला लागला. आई म्हणाली, "आरं मी, मी हाय की रं." तो आणखी किंचाळला. मार्टाताई मागं सरली आणि मला विचारलं, ही कोण? मी म्हणाले, "माय मदर." ती म्हणाली, "मदर गॉन!" मी म्हणाले, "गॉन. नाऊ कम." ती आधी हसली, मग रडली, मग बिरूला आईकडं द्यायला लागली, पण तो सुटेना. त्याची बोटं सदऱ्यातून सोडवावी लागली असती. आईच म्हणाली, "ऱ्हाऊ दे. वडू नगा त्याला." आणि पाठमोरी झाली. मी माझ्या आईला तशी पाठमोरी कधी बघितली नव्हती. मला वाटलं, मला एकच काम सांगून गेली होती.

गुरुजींनी थोडे दिवस आपल्या रानात मेंढरं बसवून घेतली. रानात मेंढरं बसली की जमिनीला खत, म्हणून लोक वाड्याला आग्रहानं थांबवतात. तेवढे दिवस आमच्या हातात होते. त्यानंतर वाडा हलणार, आपल्या वस्तीकडं जाणार, आणि मार्टाताईही पावसाआधी तिच्या देशाला. आई रोज सकाळी आश्रमाच्या अंगणात येऊन बसायची, मेंढीच्या दुधाचा खरवस वाटीत घेऊन. बिरू वाटी उडवून द्यायचा. आई खाली सांडलेलं गोळा करून कुत्र्याला घालायची आणि तिथंच बसून राहायची. गुरुजी म्हणाले, "आवं, रुळलाय पोरगा हितं. ऱ्हाऊ द्या की वरीसभर. दम्याचं बी बगायला सोपं." तळावर आल्यावर आबा आईला म्हणाले, "न्हाई आला तर ठिवायचा. रडवून न्यायचा आन् वाटंत त्याचा दम कोंडला तर?" आई ताडकन म्हणाली, "या साली डोंगराला आये म्हनतोय. फुडल्या साली मला कोन म्हनंल?"

मी भाकरीला पीठ मळत होते. खाली मान घालून मळत राहिले.

त्याच दिवशी तळावर एका मेंढीचं कोकरू मेलं. दुसरं एक कोकरू होतं, त्याची आई घाटात दगावलेली. आबांनी रीतीप्रमाणं मेलेल्या कोकराची कातडी सोडवली आणि त्या पोरक्या कोकराच्या अंगावर बांधली. मेंढीनं हुंगलं, वास आपल्याच लेकराचा, मग पाजलं. नंतर रोज त्या कातडीतला एकेक तुकडा कापून काढायचा. हळूहळू वास बदलतो, मेंढीला कळत पण नाही, आणि शेवटी कोकरू तिचंच होतं. हे आम्ही जन्मल्यापासून बघत आलेलो, त्यात नवल काही नव्हतं. पण आई त्या मेंढीकडं लय वेळ बघत राहिली. मग मला म्हणाली, "शेवंते, जा. त्या बाईला तिचा सदरा माग. धुतल्याला नगं."

आबा चमकलेच. "आगं येडी का खुळी तू? मेलेल्याची कातडी घेत्यात. ती बाई जिती हाय."

"जानारच हाय न्हवं ती?" आई म्हणाली. "एवढ्याशा पोराला, गेल्यालं आन् मेल्यालं सारकंच."

मी सदरा मागितला तेव्हा मार्टाताईचा चेहरा उजळला. तिला वाटलं, आईला तिची आठवण हवी आहे. तिनं तिथंच सदरा काढला, आतल्या बनियनवर उभी राहिली आणि धुऊन देते म्हणाली. मी जोरजोरानं मान हलवली, "नो वॉश, नो वॉश." तिनं तो घडी करून, दोन्ही हातांनी, देवाला वाहावा तसा माझ्या हातात दिला.

आईनं लुगड्यावर सदरा चढवला. एरवी आम्ही हसून लोळलो असतो. डोक्यावर पदर, कपाळाला आडवं कुंकू आणि अंगात गोऱ्या बाईचा चौकटीचा सदरा! ती आश्रमाच्या अंगणात गेली आणि बिरूकडं पाठ करून बसली. मार्टाताईला मी पाणी आणायच्या निमित्तानं आत नेलं होतं. दाराच्या फटीतून बघितलं. बिरू आधी रडला. मग गप झाला. मग चार पावलं आला. आई हलली नाही. मेंढरात वाढलेल्या माणसाला ठाऊक असतं, हुंगत आलेल्या जिवाला आपण होऊन हात लावायचा नाही. त्यानं मागून सदऱ्याला नाक लावलं. वळसा घालून पुढं आला. तोंड बघितलं, पटेना. पुन्हा गळपट्टीत नाक खुपसलं. पुन्हा तोंड. असं कितीतरी वेळ चाललं होतं. शेवटी तिथंच, गळपट्टीत तोंड घालून, तो तिच्या मांडीवर निजला. आईचे डोळे वाहत होते, पण हात अजून जमिनीवरच टेकलेले होते.

दुसऱ्या दिवशी तिनं एक बाही कापली. मग दुसरी. मग खालचा घेर. बिरू आता तळावरच असायचा, कोकरांमागं पळायचा, पडला की सदऱ्यात येऊन नाक पुसायचा. आई त्याला सारखी आपल्या गळ्याशी धरायची. त्याला ती आये म्हणायला लावत नव्हती. एके दिवशी तो आपण होऊन म्हणाला, आणि नंतर डोंगराकडं बघून जरा गडबडलाही. आबा तोंड फिरवून हसले.

मार्टाताईला हे दिसल्याशिवाय थोडंच राहणार होतं? जायच्या दिवशी सकाळी ती तळावर आली. आईच्या अंगात सदऱ्याची नुसती गळपट्टी आणि पाठीचा थोडा भाग उरला होता. दोरीवर निळ्या चौकटींच्या चिंध्या वाळत होत्या, आबांनी त्यातल्या एकीनं वाघर बांधली होती. वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी. मार्टाताईचं तोंड लाल झालं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "का? माझा सदरा का कापला?" आवाजात राग होता, आणि रागाखाली दुसरंच काहीतरी होतं.

आता माझी चार वाक्यं कुठवर पुरणार? मी तिला त्या कोकराजवळ नेलं. त्याच्या पाठीवर कातडीचा तळहाताएवढा तुकडा उरला होता. मी हातवारे केले, "धिस बेबी, मदर डेड. धिस मदर, बेबी डेड." कातडी दाखवली. नाकानं हुंगून दाखवलं. बोटांची कात्री करून दाखवलं, रोज थोडं थोडं. मग आईकडं बोट केलं, सदऱ्याकडं, बिरूकडं. तिला कळलं. कळल्याचं तिच्या तोंडावर दिसलं, आणि मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तिनं कोकराच्या पाठीवरच्या तुकड्यावर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बिरूसाठी मी मेले?"

पाहुण्याला नाही म्हणायचं नाही. मी म्हणाले, "यस."

ती चुलीपाशी गेली. आई भाकरी थापत होती, बिरू तिच्या मांडीवर, पिठात हात घालून बसलेला. मार्टाताईनं लोकर कातरायची कातर उचलली. आबा अर्धवट उठले. आईनं तिच्याकडं बघितलं आणि थापणं थांबवलं. मग मान पुढं केली. ज्या बाईचं पोर आपण काढून घेतलं, ती कातर घेऊन उभी, आणि माझी आई तिच्यापुढं मान वाकवून बसली होती. मार्टाताई गुडघ्यांवर बसली. आईच्या मानेला धक्का न लावता, एकेक धागा जपून, तिनं ती गळपट्टी कापून काढली. बिरूनं तोंड वर केलं. तिच्याकडं बघितलं, ओळखीचं हसला, आम्ही सगळ्या पाहुण्यांना बघून हसायचो तसंच. मग आईच्या उघड्या मानेत नाक घातलं आणि पिठाच्या हातांनी गच्च मिठी मारली.

आई म्हणाली, "बाई, जेवून जावा." मार्टाताईला मराठी कळत नव्हतं. तिनं आईच्या डोक्यावर हात ठेवला, म्हाताऱ्या माणसानं ठेवावा तसा, आणि निघाली. गळपट्टी तिच्या मुठीत होती.

मी तिच्यामागं पळाले. हाक मारणार होते. मग वाटलं, आई बघत असेल. थांबले. मागं बघितलं तर आई बिरूचा चेहरा पुसत होती, तिचं माझ्याकडं लक्षही नव्हतं. पुढं मार्टाताई हत्तीच्या भिंतीपाशी पोचली होती, तिनंही मागं बघितलं नाही. माझ्या वेण्या सकाळीच सुटल्या होत्या. मी त्या माळावर मधोमध उभी राहिले. कुणाकडं जायचं, माझं मलाच कळेना.

"शेवंते," आईनं हाक मारली, "तव्यावरची भाकरी करपायला लागली बग."

मी गेले आणि भाकरी उलटली.